मधल्या छत्रीखाली

अप्पा,

तुमचं गोटीचं मशीन माझ्या जेवणघरात उभं आहे. जेवायचं टेबल मी भिंतीला लावून टाकलं, खुर्च्या गच्चीवर नेल्या, आणि गेले तीन आठवडे ओट्याशी उभी राहून जेवते. आज खंडेनवमी. दुपारचे दोन वाजलेत. चार वाजता तुमचा मुलगा, आपला धाकटा, येणार आहे, मशीन चालतं की नाही ते बघायला. चाललं तर ते इथेच राहील. नाही चाललं तर परवा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, टेंपो येईल आणि ते पुण्याच्या एका कॅफेवाल्याकडे जाईल. तो माणूस त्याच्या पोटातलं सगळं काढून टाकणार, वर जाड काच बसवणार आणि त्याचं टेबल करणार. लोक त्यावर कोपर टेकून कॉफी पिणार. धाकट्यानं हे फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, "आणि आतलं सामान?" तर म्हणाला, "भंगारात. आनि काय करायचंय त्येचं?"

सकाळपासून मी ते सतरा वेळा चालू करून बघितलं. सतराही वेळा चाललं, आणि भीती त्याचीच वाटते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी तेहतीस वर्षं काढली. महिनाभर न कुरकुरता चालणारं यंत्र मोठे साहेब तपासणीला आले की नेमकं त्यांच्यासमोर गप्प बसतं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता अठराव्यांदा बटण दाबायचा धीर होत नाही. म्हणून ते बंद ठेवून हे लिहायला बसले. लिहिताना हात थरथरत नाहीत. पकड धरताना थरथरतात. अडुसष्ट वय आहे माझं, अप्पा, तुम्ही गेलात त्यापेक्षा चार वर्षांनी जास्त.

दुकान बंद करून धाकट्यानं जागा भाड्यानं दिली, त्यालाही बरीच वर्षं झाली. मशीन मागच्या खोलीत बर्फाच्या पेट्यांमागे गोणपाटाखाली पडून होतं. नव्या भाडेकरूला मागची खोलीही हवी, म्हणून ते बाहेर निघालं. मी गेले तेव्हा रिकाम्या दुकानात ते एकटंच उभं होतं. तुमच्या वेळी तिथे उभं राहायला जागा नसायची. एका बाजूला सोड्याच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला आइस्क्रीमचं लाकडी पिंप, आणि मधे मुंबईच्या कुठल्याशा क्लबनं काढून टाकलेलं हे अमेरिकन धूड. पन्हाळ्याहून, गगनबावड्याहून बाजाराला आलेली माणसं सोडा बाजूला ठेवून त्याच्याभोवती गोल करून उभी राहत. दट्ट्या ओढून सोडला की पोलादी गोळी काचेखालच्या उतारावर वर जायची आणि खाली येताना तीन छत्र्यांमध्ये, म्हणजे छत्रीसारख्या टोपीच्या खुंट्यांमध्ये, सापडायची. गोळी लागली की छत्री तिला फटका मारून परतवायची, घंटी वाजायची आणि वर आकडे फिरायचे. गोळी खाली पडू नये म्हणून दोन बटणं, आणि ती दाबली की गोळीला वर उडवणारे दोन पंखे. एवढाच खेळ. इंग्रजीत त्याला पिनबॉल म्हणतात हे मी कॉन्व्हेंट शाळेत फुशारकीनं सांगितलं, तेव्हा सिस्टरनी माझी नखं तपासली आणि त्यांतल्या काळ्या तेलाबद्दल मला व्हरांड्यात उभं केलं.

मशीनच्या मागच्या उभ्या काचेवरची सर्कशीतली बाई आठवते ना? झुल्यावर बसलेली, अंगावर नावापुरते कपडे. अव्वानं ती बघितली आणि नवऱ्याच्या दुकानात पाऊल टाकणार नाही म्हणून सांगितलं. मग तुम्ही सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या एका पेंटरला बोलावलंत आणि त्यानं काचेच्या बाहेरून तिला पूर्ण बाह्यांचं पोलकं घातलं, जांभळं. मूळचा रंग काचेच्या आतून आहे, त्यामुळे पोलकं नखानं खरवडलं तरी निघेल. काढलं नाही मी. मूळ बाईचा रंग ठिकठिकाणी पोपडे धरून गेलाय, अव्वाचं पोलकं मात्र जसंच्या तसं आहे.

धाकट्यानं माझ्यावर उपकार केल्यासारखी मुदत दिली. "अक्का, तुला काय करायचंय ते कर की. खंडेनवमीला येतो मी. चालू झालं तर ऱ्हाऊदे तुझ्याकडं. न्हाय झालं तर मग कुरकुर करायची न्हाय." मी म्हटलं, "माझी कुरकुर तू कधी ऐकलीस?" त्यावर तो फोनवरच हसला. मशीन त्याच्याइतकंच माझं आहे, तरी मुदत त्यानं द्यायची आणि मी पाळायची. दुकानदारही तसलेच. वायर आणायला गेले तर गल्ल्यावरचा पठ्ठ्या विचारतो, "काकू, मिक्सरची काय?" म्हटलं, पिनबॉलची. "ते काय असतंय आनि? करंट लागंल की वो. घरात कोन गडीमाणूस न्हाय का? मिस्त्री लावून देतो." मी म्हटलं, "मिस्त्री तुझ्यासमोर उभी आहे. तू वायर मोज." त्यानं मोजली. अर्धा मीटर कमी मोजली आणि मी तिथेच पुन्हा मोजायला लावली.

पण अप्पा, तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही, करंटची भीती मलाही होती. दोनशेतीस व्होल्टचे एकशेदहा करणारा तुमचा ट्रान्सफॉर्मर, तुम्ही उद्यमनगरात गुंडाळून घेतलेला, त्याच्या तारांवरचं कापड बिस्किटासारखं चुरत होतं. नवा बसवला तरी पहिल्यांदा थेट जोडायची छाती झाली नाही. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मधे बल्ब घेतला. भगभगीत पेटला तर आत शॉर्ट, मंद पेटला तर ठीक. रबरी चपला घालून, डावा हात पाठीमागे ठेवून बटण दाबलं. मंद पेटला. मी बल्ब काढला आणि मशीन थेट जोडलं.

त्यानंतर रबरं बदलली, पंख्यांच्या कॉइल तपासल्या, आकड्यांच्या चकत्या धुतल्या. आत पितळी पत्त्यांच्या जोड्या आहेत, दोनशेच्या वर. दोन पत्त्या एकमेकींना टेकल्या की करंट पुढे जातो, टेकल्या नाहीत तर ती जागा मेली. त्यांना कानस लावायची नाही, चांदीचा ठिपका झिजतो, हा तुमचा नियम. लग्नपत्रिकेची जाड पट्टी कापायची, स्पिरिटमध्ये बुडवायची आणि दोन पत्त्यांमधून ओढायची. मी गेल्या दहा वर्षांच्या सगळ्या पत्रिका त्यासाठीच ठेवल्यात की काय असं वाटावं इतक्या निघाल्या. एकेक जागा जिवंत होत गेली. मधली छत्री तेवढी होईना. तीच, जी एकोणसाठ वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला बंद पडली आणि का ते तुम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही.

सोमवार शंकराचा, म्हणून त्या दिवशी तुम्ही मशीन उघडत नसा. मी या सोमवारी उघडलं, दिवस कमी राहिले होते म्हणून. गोळी फिरते तो वरचा पाट उचलून काठीवर टेकवला आणि मधल्या छत्रीखालच्या, आडव्या पट्टीमागे लपलेल्या जोडीत पत्रिका घातली. पट्टी लाल होऊन बाहेर आली. मला वाटलं, पत्रिकेच्या कोपऱ्याला लावलेलं हळदकुंकू असेल. दुसरी पट्टी मधल्या भागातून कापली, कोरी बघून. तीही लाल. चष्मा बदलून, भिंग लावून बघितलं. दोन चांदीच्या ठिपक्यांमध्ये मसुराच्या डाळीएवढा लालपिवळा खडा बसला होता, दगडासारखा घट्ट.

आता जे लिहायचंय त्यासाठी मी तीनदा उठून पाणी प्यायले. अडीच वाजून गेलेत.

मी नऊ वर्षांची होते. खंडेनवमीच्या सकाळी दुकानात प्रत्येक वस्तूची पूजा. तराजू, सुरी, आइस्क्रीमचं पिंप, सगळ्यांना तुमच्या बोटांचे भस्माचे तीन पट्टे आणि अव्वाचं हळदकुंकू. मशीन तुम्ही पुसायला उघडून ठेवलं होतं. अव्वानं वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "त्येला भायेरनंच लाव. आत हात घालू नकोस." पण त्याच आठवड्यात सिस्टरनी मॉरल सायन्सच्या तासाला सांगितलं होतं की देव बाहेरचा झगा बघत नाही, आतलं बघतो. माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. बाहेरच्या लाकडी पेटीला कुंकू लावून काय उपयोग? मशीनचा देव आत होता आणि तो कुठे राहतो ते मला माहीत होतं. पाट उचललेला असताना तुम्ही ते चालवून बघायचात तेव्हा मधल्या छत्रीखाली निळी ठिणगी दिसायची. तिथेच. मी हळदकुंकू पाण्यात कालवलं आणि बोटाच्या टोकानं त्या दोन पत्त्यांच्या मधे लावलं. थोडं खाली सांडलं ते फ्रॉकच्या घोळानं पुसलं. फ्रॉक डागाळला म्हणून अव्वा बोलली, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दसरा. दुकान सकाळीच भरलेलं. दिवसाची पहिली गोळी धाकट्याची, हा तुमचा रिवाज. सात वर्षांचा तो, सोड्याच्या खोक्यावर चढून उभा. गोळी मधल्या छत्रीला लागली आणि छत्री गप्प. पुन्हा लागली, पुन्हा गप्प. त्यानं चिडून मशीनला धक्का दिला. तुम्ही वळलात ते नेमके धक्क्याच्या वेळी. छत्री बंद आहे हे तुमच्या लक्षात आलं ते त्यानंतर. तो म्हणाला, "मी हलवायच्या आधीच बंद हुतं." रागात तुम्ही कानडीत शिरायचात. "सुळ्ळ हेळब्याड," म्हणालात, खोटं बोलू नकोस, आणि गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कानाखाली मारलीत. मग मराठीत, सगळ्यांना कळावं म्हणून: "खोटं बोलनारा हात ह्या मशीनला लागायचा न्हाय." मी आपट्याची पानं धरून दारात उभी होते.

त्यानंतर महिनाभर तुम्ही रोज संध्याकाळी पाट उचलून शोधत बसायचात. कॉइल बदललीत, फ्यूज बदललात, वायर नवी ओढलीत. धाकट्याला त्या बाजूला फिरकायची बंदी, म्हणून तीन सेलची बॅटरी धरायला मी. तुम्ही अव्वाला म्हणालात, "पोरीच्या हाताला कंप न्हाय. उजेड जरा म्हणून हालत न्हाय." पुढच्या वाढदिवसाला मला तुमचं सोल्डरिंग आयर्न दिलंत, डाग द्यायचं. सिस्टर म्हणाल्या, मुलीला असली वस्तू कोण देतं? तुम्ही दिलीत. त्या वस्तूमुळे मी पॉलिटेक्निकला गेले, वर्गात एकटी मुलगी. त्यामुळे एक्स्चेंज, त्यामुळे पेन्शन, त्यामुळे हे घर. धाकट्याला तुम्ही गल्ल्यावर बसवलंत. तो आयुष्यभर गल्ल्यावर बसला. घरातला बल्ब गेला तरी तो मला फोन करतो. म्हणतो, "अक्का, अप्पांनी तुझ्या हाताला यश दिलं, माझ्या हाताला बंदी."

मी तुमच्यावर चिडलेय, अप्पा. चार दिवस चिडलेय. एका पोराला मारण्याआधी माणूस एक प्रश्न विचारतो. काल मशीन उघडं होतं, जवळ कोण गेलं होतं? एवढंच विचारायचं होतं. दुकानात दोनच मुलं होती. पण तुम्हाला उत्तर आधीच ठाऊक होतं, तो धसमुसळा आणि मी शहाणी. नऊ वर्षांच्या मुलीला पत्त्या आणि करंट काय कळणार होतं? तिनं पूजा केली. शोधायचं काम तुमचं होतं. मला सोमवारपर्यंत काही कळायचं कारणच नव्हतं.

खडा मी लाकडी काडीनं काढला, हळूहळू, अख्खी सकाळ लावून. छत्री टक् करून उडाली. मी काही नाचले वगैरे नाही. खडा कागदाच्या पुडीत बांधून मसाल्याच्या डब्यात ठेवलाय आणि धाकट्याला दाखवायचा की केरात टाकायचा ते ठरत नाही. दाखवला तर तो काय करेल? एकोणसाठ वर्षांचा राग त्या टेंपोत भरून पाठवून देईल. तसं केलं तर मला बोलायला तोंड नाही. सव्वाचार झाले. आला नाही अजून. मशीन बंद असतानाही नजर त्यावरनं हलत नाही. फाटकाचा आवाज झाला.

आता साडेसहा झालेत. तो गेला. जसं घडलं तसं लिहिते.

नारळ आणि झेंडूची फुलं घेऊन आला. "रस्त्यात लई गर्दी हाय." जेवणघराच्या उंबऱ्यावर थांबला आणि हात पाठीमागे बांधून उभा राहिला. सहासष्ट वर्षांचा माणूस, केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. म्हणाला, "चहा टाक की आधी." मी म्हटलं, "आधी बघ, मग चहा." "मग तू खेळ. मी हितनं बघतो." मी म्हटलं, "मी खेळणार नाही. पहिली गोळी तुझी." त्यावर म्हणाला, "आनि मोडलं म्हंजे परत माझ्या नावावर व्हय?"

मी बटण दाबलं, आतून तो गूं आवाज आला, बाईच्या पोलक्यामागचे दिवे लागले. तो हळूच जवळ आला. दट्ट्या ओढताना त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. गोळी वर गेली, डावीकडच्या छत्रीला लागली, मग मधलीला. टक्. घंटी. पुन्हा टक्. त्याचे हात बटणांवर असे बसले की जणू काल खोक्यावरनं उतरला असावा. दुसरी गोळी, तिसरी. तिसरी पडता पडता त्यानं कमरेनं मशीनला अगदी हलकं ढकललं आणि ती वाचवली. मग पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाला, "अक्का, मी हलवायच्या आधीच बंद हुतं ते."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "मी कुंकू घातलं होतं आत."

पुडी आणून त्याच्यासमोर सोडली. गोळी केव्हाच खाली पडली होती, तरी तो बटणं दाबत राहिला. रिकामे पंखे फडफडत होते. मग त्यानं तो खडा तळहातावर घेतला, बोटानं फिरवून बघितला. "एवढंसं?" म्हणाला. आणि मग, "कवा कळलं तुला?"

"सोमवारी. साफ करताना."

त्यानं मान हलवली. "नऊ वर्साची हुतीस. तुला काय कळनार." डोळे पुसले, ते माझ्यासमोर नाही, चष्मा पुसायच्या निमित्तानं. म्हणाला, "अप्पा असते तर ह्यो खडा त्यांच्या गल्ल्यावर ठिवला असता." मग खिशातून फोन काढला आणि कॅफेवाल्याला मोठ्या आवाजात, शेजारी ऐकतील असं: "पावणं, टेंपो पाठवू नका. न्हाय वो, भाव वाढवायला न्हाय. चालू झालंय ते. खेळतोय मी." त्यानंतर तीन कप चहा प्यायला आणि दीड तास खेळला. जाताना पेटीला झेंडू वाहिला, हळदकुंकू बाहेरूनच लावलं, माझ्याकडे बघून हसत. पाटाची किल्ली त्यानं मागितली आणि मी दिली. उद्या सोनं द्यायला येणार आहे, आतल्या पत्त्या बघायला शिकव म्हणाला. मी म्हटलं, नखं कापून ये.

हे पत्र मी मशीनच्या पोटात, ट्रान्सफॉर्मरशेजारी ठेवणार होते. तिथून ते कुठेच गेलं नसतं. आता किल्ली त्याच्याकडे आहे, आणि उद्या पाट उचलल्यावर पहिलं तेच त्याच्या हाताला लागेल. म्हणून ते मसाल्याच्या डब्यात, त्या पुडीच्या जागी.

कारण सोमवारी कळलं हे खरं नाही. त्याला खोटं सांगितलं, आणि वर तुम्हालाही तेच लिहिलं, चांगलं तावातावानं. त्या महिन्यात तुम्ही पाटाखाली डोकं घालून विचारायचात, हितं दाखव, तिथं दाखव, आणि मी दाखवत होते. आडव्या पट्टीच्या मागे, मधल्या छत्रीखाली, मला लाल दिसत होतं. पहिल्याच संध्याकाळी दिसलं होतं. माझा हात हलत नव्हता, अप्पा, कारण मी उजेड त्या जागेच्या चार बोटं अलीकडे धरून ठेवला होता.